दोन ठोके आणि एक

३ ऑक्टोबर

आलो एकदाचे. दोन बॅगा, एक चाकाची खुर्ची, माझी हत्यारांची पेटी आणि बाबा, असं आमचं लटांबर. मालक स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते, त्यांच्या राखाडी गाडीतून. एवढा मान मला आजवर कुठल्या गॅरेजात मिळाला नव्हता. बाई इलेक्ट्रिशियन म्हटल्यावर लोक आधी माझ्यामागून कोणी पुरुष येतोय का ते बघतात आणि मग माझ्याकडे. मालकांनी फक्त विचारलं, स्कॅनर स्वतःचा आहे ना, आणि पेटी उचलून डिकीत ठेवली.

बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. झटक्यानंतर उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण गाडी सुरू झाली तसा डावा पाय आपोआप क्लच दाबायला लागला. मी मागे मालकीणबाईंच्या शेजारी बसले. त्या हसून म्हणाल्या, सगळं छान आहे, काळजी करू नको. पहिल्याच भेटीत इतकं मायेनं बोलणारं माणूस विरळाच.

राहायला गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या. खोली हवेशीर आहे. खिडकीतून खाली पत्र्याची शेड, रॅम्प आणि मागची विटांची भिंत दिसते. नळ गळतो, त्याला वॉशर लागेल, तो मीच टाकीन. रबर, ग्रीस आणि जुन्या बॅटऱ्यांचा वास जिन्यापर्यंत येतो. इतर लोक नाक मुरडतील, मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

दादाला फोन करून पोचल्याचं कळवलं. त्याचा हेका तोच, बाबांना संस्थेत ठेवू, तिथे बघायला माणसं असतात. मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत थांब, तोवर बाबा तुझ्याशी फोनवर बोलले नाहीत तर तू म्हणशील तसं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. आता निभावायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी रोज एक नवा शब्द म्हणायला सांगितलाय. जुना चालणार नाही. जुना शब्द जीभ सवयीने म्हणते, नव्यासाठी डोकं चालवावं लागतं. बाबांनी लगेच माझ्याकडे चमचा रोखून आपली अट घातली, त्यांनी एक म्हटला तर मीही एक म्हणायचा. आज बराच वेळ तोंड वेडंवाकडं करून, घाम फुटेपर्यंत झगडून त्यांनी म्हटलं, खि-ड-की. मी म्हटलं, पडदा, कारण तिला तो नाही. बाबा हसले. अर्धंच तोंड हसतं आता, पण ते अर्धं पूर्ण असतं.

पलंगाच्या दांडीवर चमचा वाजला. दोन ठोके आणि एक, म्हणजे ये. मी टेबलावर तेच वाजवते, म्हणजे आले. जाते.

५ ऑक्टोबर

मालकांनी पहिलं काम दिलं ते त्यांच्याच राखाडी गाडीचं. तक्रार एकच, डॅशबोर्डच्या आतून मधूनमधून टकटक ऐकू येते. आधीच्या इलेक्ट्रिशियनला ती सापडली नाही आणि तो सोडून गेला. तेवढा आवाज बंद कर, बाकी कशाला हात लावायचा नाही, गाडी उत्तम आहे, असं म्हणाले. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा दिसता कामा नये हे त्यांचं ब्रीद. दिवा दिसला की गिऱ्हाइकाची झोप उडते. दिवा नसला की आत काय वाट्टेल ते होवो, गिऱ्हाईक खूश.

इथे दुसरे आहेत ते पानामामा, इंजिनाचं काम बघणारे. खिशात पाना नाही असं त्यांना आजवर कोणी पाहिलेलं नाही, झोपतानाही उशीखाली घेत असावेत. रोज एक ताजा टोमणा मारल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही म्हणे. आजचा माझ्या वाट्याला आला, पोरीच्या हाती गाडी दिली की गाडीसुद्धा बोलायला लागते. राखाडी गाडी त्यांनीच माझ्या रॅम्पपर्यंत ढकलली, पण आत बसले नाहीत. खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात.

जेवताना बाबांना माझं काम समजावून सांगितलं. तुमच्या काळी इंजिन बोलायचं आणि ड्रायव्हर ऐकायचा. आता गाडीत दाराचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे छोटा संगणक, ब्रेकचं वेगळं, काचांचं वेगळं, दिव्यांचं वेगळं. सगळी मिळून एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवर बोलतात. एक बोलतं, बाकीची ऐकतात. त्यातलं एखादं मूग गिळून बसलं की बाकीची बोंब मारतात, अमक्याचा पत्ता नाही. गंमत अशी की जे हरवतं त्याच्याकडे हरवल्याची नोंद नसते. ती असते मागे राहिलेल्यांकडे. बाबांनी भुवई वर केली, म्हणजे पटलं.

टकटक म्हणजे बहुधा रिले, विजेवर उघडमीट होणारा खटका. एखाद्या मॉड्यूलचा संपर्क तुटतो, जुळतो, पुन्हा तुटतो, की रिले टकटकतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

शब्द: बाबा चादर, मी पाना.

७ ऑक्टोबर

अर्धा दिवस म्हणणारीच्या नाकी नऊ आले.

गाडीतल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर सगळी मॉड्यूल हजर. एकही चूक नोंदलेली नाही. नव्या कोऱ्या गाडीतही कुठेतरी एखादी जुनी नोंद पडलेली असते. ही गाडी इतकी सोवळी की संशय यावा. मग आकडे बघत बसले. बाहेरचं तापमान एकवीस. दुपारी पत्रा तापून अंगाची लाही होत होती तेव्हाही एकवीस. पेट्रोल अर्धी टाकी, मी नळीने काढून घेतलं तरी अर्धी टाकी.

मॉड्यूल प्रत्येक निरोपासोबत एक आकडा पाठवतं, दर वेळी एकाने वाढणारा. आकडा हलतोय म्हणजे पाठवणारा जिवंत आहे, इतकाच त्याचा अर्थ. इथे एकाही मॉड्यूलचा आकडा हलत नाही.

शेवटी मागच्या दाराचं पॅनेल उघडलं. आत मॉड्यूल नाहीच. रिकामी जागा, त्यावर धूळ, आणि प्लग लोंबतोय. स्कॅनर म्हणतो दाराचं मॉड्यूल उत्तम आहे.

हे सगळं गेटवे करतोय. गेटवे म्हणजे दारात बसलेला घरातला वडीलधारा. बाहेरून स्कॅनर विचारतो, तो आत विचारून उत्तर आणून देतो. आतून उत्तर आलं नाही तर गाडी मध्येच बंद पडू नये म्हणून काही गेटवे तात्पुरता जुना आकडा पुढे करतात, सगळं धडधाकट असतानाचा. हा पठ्ठ्या कायमचा करतोय. जे मेलंय त्याच्या वतीने हा बोलतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही.

मालकांना सांगायला गेले. त्यांनी हात पुसत विचारलं, टकटक थांबली का.

शब्द: बाबा उशी, मी धूळ.

९ ऑक्टोबर

आज असा वारा सुटला की शेडचा एक पत्रा उचकटून गेला. मालकीणबाई ओट्यावर उभ्या राहून आमच्यासाठी चहा ओतत होत्या, पदर डोक्यावरून उडत होता, आणि म्हणत होत्या, आज हवा छान आहे. मला हसू आलं. मग आठवलं, परवाही हेच म्हणाल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या दिवशीही.

पानामामांकडे विषय काढला. ते म्हणाले, ही बाई अशी नव्हती. तोंडाने तिखट होती, भांडायला लागली की पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. राग आला की बोटातली अंगठी टेबलावर टकटक टकटक आपटायची. मालकांना सोडून जाते म्हणायची. ही राखाडी गाडी आली, मालक तिला रोज फिरवायला नेऊ लागले, आणि बघता बघता ती गोड झाली. मामा पुढे म्हणाले, इतकी गोड बायको मला परवडणार नाही, मला साखरेचा आजार आहे.

आधीच्या इलेक्ट्रिशियनची हत्यारपेटी माझ्या बाकाखाली सापडली. आतली हत्यारं नीट पुसून ठेवलेली. काम सोडून जाणारा माणूस मालकाची हत्यारं नेईल पण स्वतःची ठेवून जाणार नाही. पण असेल काही घाई.

शब्द: बाबा ट्रक. जोडाक्षर! संध्याकाळभर झगडले. मी वारा.

१२ ऑक्टोबर

बाबांना वर एकट्याने कंटाळा येतो. चमचा वाजवून वाजवून त्यांनी मला जिना चढायला लावलं, मग खिडकीतून खालच्या गाडीकडे बोट दाखवलं. चाकाची खुर्ची खाली नेली, मामांनी हात लावला, आणि बाबांना राखाडी गाडीत पुढे बसवलं. मामांचं तोंड उतरलेलं दिसलं. मी म्हटलं, मामा, तुमचे गुडघे दुखतात, बाबांचे नाहीत.

दिवसभर बाबा माझे हेल्पर. मी डॅशबोर्डखाली उताणी, आणि स्कॅनर त्यांच्या मांडीवर. एखादा आकडा बदलला तर काचेवर बोट वाजवायचं असं ठरलं. एकही बदलला नाही, पण त्यांना वाटत होतं आपण कामावर आलोय. इतका समाधानी चेहरा मी झटक्यानंतर पाहिला नव्हता. मला आज खूप बरं वाटलं, ते लिहून ठेवते.

टकटक आज मी जवळून ऐकली. रिलेसारखी एकसुरी नाही. भराभरा, चिडल्यासारखी येते, मग थांबते.

दादाचा फोन आला. मी खोली, नळ, वास सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, हे तू मला कालही सांगितलंस, अगदी याच शब्दांत. थकले असेन.

शब्द: बाबा रस्ता. मी पडदा. नाही, तो झाला. रिले.

१४ ऑक्टोबर

बाबा बोलले.

सकाळी दूध घेऊन गेले तर सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, सगळं छान आहे. अडखळले नाहीत. मी कप तसाच हातात धरून उभी. मग म्हणाले, जेवण झालं, काळजी करू नको. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले आणि रडताना त्यांना शिव्या दिल्या, की इतके दिवस नाटक करत होतात का.

लगेच दादाला फोन लावून दिला. बाबा त्याच्याशी बोलले. दादासारखा दगड फोनवर हुंदके देत होता. म्हणाला, संस्थेचं नाव पुन्हा काढणार नाही, आणि सुट्टी मिळाली की भेटायलाच येतो.

शब्द: बाबा खिडकी. तो पहिल्या दिवशीच झालाय असं म्हटलं, पण आज कोण अट धरून बसतो. मी आनंद.

गाडीतली टकटक आज वेगळीच येतेय. बघू उद्या.

१६ ऑक्टोबर

बाबांचा शब्द, खिडकी. कालही खिडकी. मी म्हटलं, दुसरा. ते म्हणाले, काळजी करू नको.

पूर्ण तोंडाने हसतात आता. दोन्ही बाजूंनी. मला ते अर्धं हसू आठवतंय.

चमचा दोन दिवस बशीत तसाच पडून आहे. बाबांनी मला एकदाही बोलावलेलं नाही.

जिन्यात उभी होते. खालून मालकीणबाई कोणाला तरी म्हणत होत्या, सगळं छान आहे, जेवण झालं, काळजी करू नको. त्याच वेळी वरून बाबा तेच म्हणत होते. तेच शब्द, तीच चाल, मध्ये तेवढंच थांबणं. शाळेत कविता म्हणताना दोन वर्ग एकदम म्हणतात तसं.

दुपारी मालकांनी पानामामांना गाडी दुसऱ्या रॅम्पवर घ्यायला सांगितलं, आत बसून. मामा नाही म्हणाले. मालक म्हणाले, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मामा बसले. काचेतून माझ्याकडे बघत होते.

१७ ऑक्टोबर

मामा आले. पाना खिशात नव्हता. म्हणाले, पोरीच्या हाती गाडी दिली की गाडीसुद्धा बोलायला लागते. मी म्हटलं, मामा, हा जुना झाला. ते म्हणाले, पोरीच्या हाती गाडी दिली की.

वर गेले. बाबांची परीक्षा घेतली, जशी मॉड्यूलची घेतात. ज्याचं उत्तर बदलायलाच हवं असा प्रश्न विचारायचा. त्यांच्यासमोर रिकामी वाटी धरून विचारलं, यात काय आहे. म्हणाले, जेवण झालं. त्यांचा हात घट्ट दाबला, दुखेल इतका. म्हणाले, सगळं छान आहे. मग मी ते बोलले जे बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. म्हटलं, बाबा, दादा गेला. अपघात झाला. दादा नाही राहिला.

हसले. काळजी करू नको, म्हणाले.

खुर्चीत माझे बाबा नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी आहे.

मी गिऱ्हाइकांना हसायची, दिवा विझला म्हणून रोग गेला समजणारी माणसं म्हणून. मीच उड्या मारल्या. मीच त्यांना त्या सीटवर बसवलं, दिवसभर, कौतुकाने.

१८ ऑक्टोबर, रविवार

गॅरेज बंद. मालक बायकोला घेऊन पायी बाजारात गेलेत.

स्कॅनर नको, तो गेटवेच्या तोंडून ऐकतो. आतल्या दोन वायरींना थेट टोकं लावली आणि स्कोप जोडला, म्हणजे वायरीत काय चाललंय ते पडद्यावर रेघेत दिसतं. सगळी मॉड्यूल मेलेली, तेव्हा रेघ सपाट हवी. सपाट नाही.

बारीक खुणा उठतायत. एक भराभरा, चिडकी, अंगठी आपटल्यासारखी. एक लांबून, दमलेली, ती पेटी ठेवून गेलेल्याची असावी. एक जड, लोखंडावर लोखंड, ती परवापर्यंत नव्हती. आणि एक —

दोन ठोके आणि एक.

दोन ठोके आणि एक.

मी स्टिअरिंगवर तेच वाजवलं. आले.

रेघ थांबली. मग इतक्या जोरात उठली की पडद्याबाहेर गेली. डॅशबोर्डच्या आतून आवाज कानाला ऐकू आला, प्लास्टिक हललं. बाबा, मी आले, मी म्हणत राहिले. त्यांनी थांबवलं नाही. दोन आणि एक, दोन आणि एक. इतके दिवस हाका मारतायत, आणि मी वर त्या दुसऱ्याला दूध पाजत होते.

मला जी टकटक बंद करायला ठेवलंय ती ही.

१९ ऑक्टोबर

मालकांना तोंडावर विचारलं. खोटं बोलले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, बोलते ना माझी बायको? जेवायला वाढते ना? हसते ना? मग आत काय आहे ते उघडून कोणाचं भलं झालंय? तुझे वडील बोलतात, तुझा भाऊ खूश आहे, सगळीकडे दिवे विझलेले आहेत. तेवढा आवाज राहिलाय.

मी म्हटलं, त्या हाका आहेत.

म्हणाले, सवय होते.

आणि म्हणाले, परवा तुझा भाऊ येतोय ना, त्याला आणायला मीच स्टँडवर जाईन, गाडी घेऊन.

शब्द: मी — पडदा. नाही. पडदा. दुसरा आठवत का नाही? हात. हात, हात, हात.

२० ऑक्टोबर

दादाला फोन केला. नीट ठरवून केला. येऊ नकोस, आलास तर त्या गाडीत बसू नकोस, एवढंच सांगायचं होतं. त्याने फोन उचलला आणि मी म्हटलं,

सगळं छान आहे. जेवण झालं. काळजी करू नको.

माझ्या तोंडून. माझ्या आवाजात. मी तोंड दाबून धरलं तरी — तो म्हणाला, तुझा आवाज किती छान येतोय, उद्या भेटूच.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. निरोप लिहून पाठवायला घेतला, बोटांनीही तेच लिहिलं.

या वहीत अजून माझं मला लिहिता येतंय. का ते माहीत नाही. कदाचित ही गाडीत कधी नेली नाही म्हणून.

त्या सीटवर बाबा एक दिवस बसले. डॅशबोर्डखाली मी रोज होते.

२१ ऑक्टोबर

दादा दुपारी पोचेल. मालक अंघोळीला गेलेत. किल्ली खुंटीवर आहे.

गेटवे पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे आहे. तिथे बसल्याशिवाय हात पोचत नाही.

प्लग काढला तर त्यांच्या वतीने बोलणारे सगळे गप्प होतील. मग खरे परत येतील, की आत आहेत तेही जातील — कुठल्या पुस्तकात नाही. बाबा परत आले तर पुन्हा अर्धं तोंड, पुन्हा एक शब्द दिवसाला. चालेल. मला तेच हवंय.

नाही आले तर निदान दादा तरी.

वही दादासाठी घेऊन जात होते. नको. इथेच — नाही, गाडीतच हवी, त्याला ती सीटवर दिसेल, मी नसले तर —

बसले. टकटक सुरू झाली. ओळखलं त्यांनी मला. आता ते ये म्हणत नाहीत. दोन आणि एक नाही, सलग वाजतंय, न थांबता, जा जा जा म्हटल्यासारखं —

बाबा, एकच मिनिट. कप्पा निघाला. प्लग दिसतोय. हात लाव

३ ऑक्टोबर

आलो एकदाचे. दोन बॅगा, एक चाकाची खुर्ची, माझी हत्यारांची पेटी आणि बाबा, असं आमचं लटांबर. मालक स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते, त्यांच्या राखाडी गाडीतून. खोली हवेशीर आहे. सगळं छान आहे. जेवण झालं. काळजी करू नको. खोली हवेशीर आहे. खिडकीतून खाली पत्र्याची शेड, रॅम्प आणि दादा गाडीत बसू नकोस मागची विटांची भिंत दिसते. सगळं छान आहे. मालक स्वतः स्टँडवर घ्यायला दादा मला शब्द विचार घ्यायला आले होते. खोली हवेशीर आहे. आजचा शब्द विचार दादा, मी पडदा म्हटलं तर ती मी न